उजेडाकडे धरून

रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्या पोराने
माझी तेवीस वर्षं एका पानात बसवली.
"मासी, बाटल्या बघत होते असं नाही लिहायचं,"
म्हणाला, आणि टाइप केलं : क्वालिटी इन्स्पेक्शन.
पान अजून गरम होतं.
दांडिया बाजारापर्यंत ते पदराआड धरून आणलं.

खरं म्हणजे मी बाटल्याच बघितल्या.
काळ्या पट्ट्यावरून येणाऱ्या, खोकल्याच्या औषधाच्या,
मागे ट्यूबलाइटची पांढरी भिंत
आणि डोळ्यांना नेमून दिलेलं एवढंच :
बुडबुडा, चीर, केसाएवढी रेघ, वाकडी मान.
मिनिटाला चाळीस.
चांगली बाटली मला एकही आठवत नाही.

आता तिथे कॅमेरा बसवलाय.
तो जांभई देत नाही, त्याची मुलगी तापाने फणफणत नाही.

मुलाखत अशी मी कधी दिलेलीच नाही.
अण्णांच्या तेराव्यानंतर आठवड्याने
पंड्याभाईंनी एक बाटली हातात दिली होती.
"शुं देखाय छे?"
"बुडाशी खडा."
"काले आवी जजे."

उद्या साडेदहाला, कारेलीबागेच्या पलीकडची शाळा.
प्रयोगशाळा सहायक. जागा एक.

केतकी पलंगावर मांडी घालून बसते,
नाकावर माझाच जुना चष्मा :
"टेल मी अबाउट युवरसेल्फ."
मी नलिनी खानविलकर, म्हणते,
आणि पुढे गाडी हलत नाही.
मराठीत स्वतःबद्दल बोलावं तर मिरवल्यासारखं वाटतं,
गुजरातीत भाजीचा भाव पाडल्यासारखं,
हिंदीत शिफ्टचा हिशोब दिल्यासारखं,
आणि इंग्रजी मला येते ती लेबलांवरची :
शेक वेल बिफोर यूज.
केतकी हसून हसून उशीवर पडते.
"आई, हेच सांग. खरंच."

पोळ्या लाटताना पाठ करतेय :
आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.
चंचुपात्र. मोजनळी. नरसाळं. तिवई.
दहावीनंतर हे शब्द कपाटात ठेवून मी निघून आले होते.
किल्ली सापडली. कुलूप जरा कुरकुरतंय.

कोकिलाबेनने मोरपंखी साडी इस्त्री करून आणून दिली,
सोबत सल्ला : वय विचारलं तर आधी हसायचं.
हे काही बोलले नाहीत.
दोनदा खाली जाऊन स्कूटरचे टायर दाबून आले.

तुमचा दोष कोणता, असंही विचारतात म्हणे.
केतकीने लिहून दिलंय : मी कामात स्वतःला विसरते.
हा कसला दोष?
माझा दोष असा, की पाणी प्यायच्या आधी
पेला मी उजेडाकडे धरते.
कुणाच्याही घरी. लग्नाच्या पंगतीत.
सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत
त्यांच्या ओठांपाशी न्यायच्या आधीसुद्धा.
लोकांना वाटतं, घाण शोधते.
सासूबाई तेवढ्या म्हणाल्या होत्या,
बघ, बघ, मला काही घाई नाही.

म्हणून तासभर सराव चाललाय.
केतकी ग्लास पुढे करते,
मी थँक्यू म्हणते, खाली बघून ओठांना लावते.
सहा ग्लास नीट गेले. पोट डबडबलं.
सातव्याला दिवा नेमका समोर,
आणि हात आपला वर.

काठाखाली, डाव्या अंगाला, मोहरीएवढा बुडबुडा.
हा आमचा जुनाच.
पट्ट्यावर असता
तर पापणी लवायच्या आत फुटक्यांच्या डब्यात गेला असता.
इथे पंधरा वर्षं त्यात पाणी राहतंय,
पाहुण्यांनाही देतो.

"आईऽ!" केतकी कपाळाला हात लावते.

मी तो पिऊन टाकते.
"भर पुन्हा."